मुलांना चंद्र शिकवायचाय, पण नुसता कापूस चिकटवून नाही. काय काय करून घेता येईल?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी, मी सुट्टीच्या दिवशी लहान मुलांचा एक छंदवर्ग घेते, वय साधारण ६ ते १०, सगळी एकत्रच बसतात. पुढचा महिनाभर चंद्र हाच विषय घ्यायचा ठरवलंय. नेटवर शोधलं तर जिकडेतिकडे तेच, गोल कापा, कापूस चिकटवा, चमकी टाका, झाला चंद्र. दिसायला गोड दिसतं, मुलं खूश होऊन घरी जातात, पण त्यातून त्यांना चंद्राबद्दल नवीन काय कळलं असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. मला असं काहीतरी हवंय की चित्र काढता काढताच विज्ञान कळावं, म्हणजे आधी विज्ञानाचा तास आणि मग विरंगुळा म्हणून चित्र, असं नको.

मागच्या वेळी सहज गप्पा मारल्या तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे चंद्र लहानमोठा का होतो विचारल्यावर एका मुलाने ठासून सांगितलं की पृथ्वीची सावली पडते म्हणून, आणि बाकीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या, न्यायला आलेल्या एका पालकांनीसुद्धा. दुसरं म्हणजे चंद्र फक्त रात्रीच असतो यावर सगळ्यांचं एकमत. आता हे "चूक आहे" असं सांगून मोकळं होता येईल, पण त्यांचं त्यांना सापडावं असं वाटतंय. सामान म्हणाल तर कागद, रंग, माती, टॉर्च एवढं आहे. दुर्बीण नाही. कोणी असं करून घेतलंय का? कुठून सुरू करू?

निरभ्र

छान विषय घेतलात. मी आकाशनिरीक्षणाचे कार्यक्रम घेतो, शाळेतली मुलं बरीच येतात, त्यावरून सांगतो. सुरुवात वर्गात करूच नका, सुरुवात वहीपासून करा. प्रत्येकाला एक छोटी वही द्या, पानावर आधीच छापलेली गोल वर्तुळं, आणि रोज चंद्र बघून जेवढा भाग उजळ दिसतो तेवढा सोडून बाकीचा काळा करायचा, बाजूला तारीख, वेळ आणि चंद्र कुठल्या झाडावर किंवा इमारतीवर दिसला ते. बस एवढंच. ढग असले तर ढगाळ लिहायचं आणि वर्तुळ रिकामं ठेवायचं, अंदाजाने भरायचं नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी नीट सांगा कारण मुलांना रिकामी जागा बघवत नाही आणि ती शेजारच्याचं बघून भरतात.

कधी सुरू करायचं हे फार महत्त्वाचं आहे, अर्धे लोक इथेच हरतात. अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू करा. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसते, मुलं तेव्हा जागी असतात, बाहेर असतात, सगळं सोयीचं. मग रोज त्याच वेळेला बघायचं, आणि दोन-तीन दिवसांत त्यांचं त्यांनाच कळतं की अरे हा रोज वर वर सरकतोय आणि जाडही होतोय. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी तो जवळजवळ डोक्यावर, आणि पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास समोर पूर्वेला उगवतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो म्हणून हे होतं, पण ते आधी सांगू नका. वहीत दहा-बारा पानं भरली की मुलंच विचारतात.

पौर्णिमेनंतर संध्याकाळचा चंद्र हरवतो आणि बहुतेक सगळ्यांच्या वह्या इथे बंद पडतात. तेव्हा वेळ बदला, सकाळी शाळेला जाताना बघायला सांगा. कृष्ण पक्षातली अष्टमी आली की सकाळी उजेडात अर्धा चंद्र स्वच्छ दिसतो, दुपारपर्यंत मावळतो. तुमचं ते "चंद्र फक्त रात्रीच" तिथेच सुटलं, एक शब्द न बोलता.

आता सावलीचं. यासाठी माझ्या मते सगळ्यात भारी प्रयोग हा आहे आणि तो भर उन्हात करायचा. शुक्ल अष्टमीच्या आसपास दुपारी तीन-चार-पाचच्या सुमारास चंद्र पूर्वेच्या बाजूला दिसतो आणि सूर्य पश्चिमेला असतो. मुलांना मोकळ्या जागेत उन्हात उभं करा, हातात पांढरा, चकाकणारा नसलेला चेंडू द्या आणि हात लांब करून तो चेंडू चंद्राच्या शेजारी धरायला सांगा, चेंडूवर ऊन पडेल असा. चेंडूचा जेवढा भाग आणि ज्या बाजूने उजळलेला दिसतो, बरोब्बर तेवढाच आणि त्याच बाजूने चंद्र उजळलेला दिसतो. दोन्ही शेजारी शेजारी! मी हे किती वेळा करून घेतलं असेल, दर वेळी मुलं ओरडतात. मग एकच प्रश्न विचारायचा, या चेंडूवर पृथ्वीची सावली पडलीये का? नाही, ऊन तर लागतंय. मग अर्धा काळा का? कारण त्या बाजूला ऊन पोचत नाही, ती चेंडूची स्वतःचीच अंधारी बाजू आहे. चंद्राचंही तेच.

फक्त एक काळजी, सूर्याकडे बघायचं नाही हे आधी दोनदा सांगा, आणि कोणी पालक दुर्बीण घेऊन आले तर दिवसा ती लहान मुलांच्या हातात अजिबात द्यायची नाही.

चित्रवही

वरच्या वहीच्या कल्पनेला जोरदार अनुमोदन. मी चित्रकला शिकवते, तर त्या बाजूने लिहिते, जरा लांबेल.

तुमच्या मुलांना आत्ताच, काहीही न शिकवता, कोर काढायला सांगा आणि ते कागद जपून ठेवा. नव्वद टक्के वेळा काय येतं, एक गोल काढतात आणि त्यातून दुसरा गोल चावल्यासारखा काढून टाकतात, टोकं पार आत वळलेली, आणि मधल्या पोकळीत एक चांदणी. दिसायला सुरेख, पण असा चंद्र आकाशात नसतो. खऱ्या कोरीची बाहेरची कड नेहमी बरोबर अर्धं वर्तुळ असते, कमी नाही जास्त नाही. म्हणजे कोरीची दोन टोकं एका रेषेने जोडली तर ती रेषा चंद्राच्या मध्यातून जाते, व्यास असतो तो. कोर कितीही बारीक असो, हे बदलत नाही.

म्हणून काढायची पद्धत अशी शिकवते मी. आधी पूर्ण गोल, हलक्या हाताने. मग त्यात एक व्यास. मग त्या व्यासाच्या दोन टोकांना जोडणारी वक्र रेषा, ती उजेडाच्या बाजूला झुकवली की कोर, सरळ ठेवली की अर्धा चंद्र, आणि अंधाराच्या बाजूला फुगवली की पौर्णिमेच्या जवळचा फुगीर चंद्र. एकाच पद्धतीत सगळ्या कला येतात, आणि मुलांना भूमिती शिकवतोय हे सांगायचीही गरज पडत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे सहज जमतं, सहा वर्षांच्यांना व्यास आखून दिला तर जमतं.

आणि यातच सावलीच्या गैरसमजाचं उत्तर आहे बघा. अष्टमीला उजेड-अंधाराची रेषा सरळ असते. गोल पृथ्वीची सावली सरळ रेषेची कशी पडेल? आणि फुगीर चंद्राला तर ती रेषा अंधाराच्या बाजूला फुगते, कुठल्याही चेंडूची सावली दुसऱ्या चेंडूवर अशी पाडून दाखवा, पडतच नाही. टॉर्च आणि दोन चेंडू देऊन मुलांना प्रयत्न करू द्या, जितका वेळ हवा तितका. हरले की मग विचार करायला लागतात.

पोकळीतल्या चांदणीचंही तसंच, रागवायचं नाही, विचारायचं की तिथे काय आहे? तिथे चंद्रच आहे, फक्त अंधारात. मग चांदणी चंद्राच्या अलीकडे आली का? बारीक कोर असताना नीट बघितलं तर तो अंधारा भागसुद्धा अंधुक दिसतो, पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश तिथे पोचतो म्हणून. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याचं कारण लिहून ठेवलं होतं, आणि तो चित्रकार होता हे मी मुलांना आवर्जून सांगते.

माझा सगळ्यात आवडता धडा मात्र गॅलिलिओचा. १६०९ साली इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने गॅलिलिओच्या काही महिने आधी दुर्बिणीतून चंद्र बघून चित्र काढलं होतं. त्याच्या पहिल्या चित्रात उजेड-अंधाराची एक वेडीवाकडी रेषा आहे आणि थोडे डाग, बस. त्याच वर्षाच्या शेवटी गॅलिलिओने तोच चंद्र बघितला आणि शाईच्या छटांनी रंगवला, त्यात डोंगर आहेत, खड्डे आहेत, त्यांच्या सावल्या आहेत. अंधाऱ्या भागात रेषेच्या पलीकडे सुटे उजळ ठिपके दिसले ते डोंगरांचे शेंडे आहेत हे त्याने ओळखलं आणि त्यावरून डोंगरांची उंचीही काढली. काही इतिहासकार म्हणतात की गॅलिलिओला छायाप्रकाशाच्या चित्रांचा सराव होता म्हणून त्याला ते डोंगर "दिसले". माझा यावर पूर्ण विश्वास आहे. ज्याला सावली रंगवता येते त्याला सावली वाचता येते.

म्हणून करून घ्यायचं काय, तर काळा कागद नको, पांढरा जाड कागद घ्या, तो कोळशाच्या कांडीने किंवा मऊ पेन्सिलीने पूर्ण करडा करून टाका आणि मग खोडरबराने उजेड "काढा". मुलं पहिल्यांदाच उजेडाचा विचार करतात, रेषेचा नाही. समोर मॉडेल म्हणून मातीची एक थाळी, त्यात बोटांनी खड्डे आणि उंचवटे, आणि खोलीत अंधार करून टॉर्च एका बाजूने अगदी खालून. मग टॉर्च हळूहळू वर न्या, थेट डोक्यावर. सावल्या गायब, थाळी सपाट दिसायला लागते. पौर्णिमेला चंद्रावरचे खड्डे नीट दिसत नाहीत आणि अर्ध्या चंद्राला उजेडाच्या कडेवर ठसठशीत दिसतात, ते याच कारणाने.

खिडकीपाशी

अरे बापरे, इतकं सविस्तर! निरभ्र, चित्रवही, दोघांचे मनापासून आभार. व्यासाची गोष्ट मला स्वतःला नवीन आहे, आत्ता चंद्राचे चार फोटो काढून बघितले, खरंच तसंच आहे.

दोन शंका. चंद्र रंगवताना कुठला रंग? मुलं एकतर पांढरा नाहीतर पिवळा घेतात. आणि ते दिवा मधे ठेवून चेंडू फिरवायचा प्रयोग आहे ना, तो एकदा करून बघितला तर पौर्णिमेच्या जागी चेंडूवर डोक्याचीच सावली पडते, म्हणजे मुलांचा गैरसमज उलट पक्का होईल अशी भीती वाटते. तो करावा का नको?

खडूफळा

करा, नक्की करा, पण पद्धतीने. मी विज्ञान शिकवतो, हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी बिघडतो तो दोन कारणांनी. एक, दिवा फार वर किंवा फार खाली असतो. दिवा मुलांच्या डोक्याच्या उंचीला हवा, उघडा, खोलीत दुसरा उजेड नको, पडद्याच्या फटीतून येणारासुद्धा नको. दोन, चेंडू डोळ्यांच्या सरळ रेषेत धरतात. हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरायला सांगा, म्हणजे दिव्याकडे पाठ केली तरी त्यावर पूर्ण उजेड पडतो. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. दिव्याकडे तोंड, चेंडूची आपल्याकडची बाजू काळी, ती अमावस्या. मग हळूहळू डावीकडे वळायचं, उजवी कड उजळते, पाव फेरी झाली की अर्धा चंद्र, पाठ झाली की पौर्णिमा, पुढे उजेड डाव्या बाजूला राहतो. नजर सतत चेंडूवर, दिव्यावर नाही. हे उत्तर गोलार्धातून दिसतं तसं झालं, दक्षिणेतली मुलं हाच चंद्र उलटा बघतात आणि विषुववृत्ताजवळ कोर बरीचशी आडवी दिसते, तर वहीतली कोर पुस्तकातल्यापेक्षा कललेली आली म्हणून खोडू नका.

आणि ती डोक्याची सावली टाळायची नाही, वापरायची. आधी चेंडू वर धरून दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, आणि मग मुद्दाम सांगा की आता पौर्णिमेच्या जागी चेंडू खाली आणा. सावलीत गेला! हे चंद्रग्रहण. म्हणजे पृथ्वीची सावली पडते हे त्या मुलाचं म्हणणं पूर्ण खोटं नाहीच, ते फक्त ग्रहणाचं उत्तर आहे, कलांचं नाही. असं सांगितलं की त्याचा मानही राहतो. मग लगेच कोणीतरी विचारतंच की दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, तर चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे म्हणून तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो, अगदी आत्ता तुम्ही चेंडू वर धरला होता तसा. ग्रहणाचे फोटोही दाखवा, सावलीची कड किती मोठ्या गोलाची दिसते ते बघू द्या, चंद्राच्या अडीच पटीहून मोठी असते ती. चित्रवहींनी सांगितलेली व्यासाची गोष्ट ग्रहणात लागू पडत नाही, हे मोठ्या मुलांना स्वतः शोधता येईल.

रंगाचं उत्तर चित्रवही देतीलच, पण एक प्रयोग मी सांगतो. चंद्राचा पृष्ठभाग बराच गडद आहे, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १२ टक्केच परत फेकतो, जुन्या डांबरी रस्त्याइतका म्हणा. काळ्या आकाशात एकटाच उजळतो म्हणून पांढरा वाटतो. गडद करड्या पुठ्ठ्याचा एक गोल अंधाऱ्या खोलीत टांगा, मागे काळं कापड, आणि टॉर्चचा झोत फक्त त्या गोलावर पाडा. मुलं पांढरा म्हणतील. मग त्याच झोतात शेजारी खरा पांढरा कागद धरा. गोल एका क्षणात करडा होतो. कितीही वेळा केलं तरी परिणाम तोच.

चित्रवही

खडूफळा, हा पुठ्ठ्याचा प्रयोग मी उद्याच करणार! रंगाबद्दल, मग करडेच द्या. पण एक नाही, पाच-सहा करडे, आणि ते मुलांनाच मिसळू द्या, काळा-पांढरा, थोडा तपकिरी, थोडा निळा. पिवळा किंवा नारिंगी चंद्र खोटा नाही बरं का, क्षितिजाजवळ असताना तसा दिसतोच, कारण तेव्हा प्रकाश जास्त हवेतून येतो आणि निळा भाग वाटेत विखुरतो. तर वहीत रंगसुद्धा टिपायला सांगा, चंद्र किती उंच होता ते लिहिलेलं असेल तर दोन्हीचा संबंध त्यांना लागेल.

क्षितिजाजवळचा चंद्र मोठा दिसतो तो मात्र भास. कागदाला पंचने एक भोक पाडा, हात पूर्ण लांब करून त्यातून चंद्र बघा. उगवताना बघा, मग दोन-तीन तासांनी वर आल्यावर बघा. दोन्ही वेळेला भोकात तेवढाच मावतो, कारण चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. चित्रात मुलं चंद्र केवढा मोठा काढतात त्याबद्दल बोलायला हे छान निमित्त आहे, पण चित्र खोडायला लावू नका, मोठा वाटला म्हणून मोठा काढला हेही खरंच आहे की.

घरचीशाळा

मी नुसती वाचत होते, पण एक थोडं वेगळं मत मांडते. सहा वर्षांच्या मुलांना कक्षा, कल, परावर्तन एवढं सगळं कशाला? माझा मुलगा साडेपाचचा आहे, त्याला चांदोबाशी गप्पा मारायला आवडतं, त्यात ससा शोधायला आवडतं. हे सगळं शिकवून ती गंमत जाईल असं मला वाटतं. अजून वेळ आहे की.

निरभ्र

ताई, तुमचं अर्धं मला पटतं. कलांचं कारण समजायला स्वतःला दुसऱ्या जागी उभं राहून बघता यावं लागतं, आणि आठ-नऊच्या आधी बहुतेक मुलांना ते जड जातं, त्यामुळे साडेपाचच्या मुलाला दिव्याचा प्रयोग केला तर तो दिव्याशी खेळेल, आणि खेळू द्यावं. पण वही त्यालाही जमेल. आज केवढा दिसला ते काढायचं, एवढंच.

गंमत जाते हे मात्र नाही पटत. ससाच घ्या ना, पौर्णिमेच्या आसपास मुलांना चंद्रावरचे डाग बघून काढायला सांगा आणि त्यात काय दिसतं ते विचारा. जगभर लोकांना वेगवेगळं दिसलंय, बऱ्याच देशांत ससा, अगदी मेक्सिकोच्या जुन्या संस्कृतींतसुद्धा ससा, युरोपात माणसाचा चेहरा. मग मोठ्यांना सांगा की ते काळे डाग म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी वर येऊन गोठलेला लाव्हा आहे, आणि त्यातल्याच एका डागावर, शांतिसागर म्हणतात त्याला, २० जुलै १९६९ ला माणसं उतरली. सशाच्या नेमक्या कुठे ते शोधायला लावा. ससा कुठेच जात नाही, उलट रोज बघितला जातो.

खडूफळा

+१. आणि लहानांना खड्ड्यांचा खेळ द्या, त्यात कोणालाच काही समजावावं लागत नाही. पसरट ट्रेमध्ये चार-पाच सेंटीमीटर बारीक कोरडी वाळू किंवा पीठ, वर वेगळ्या रंगाची पूड पातळ भुरभुरायची, आणि वेगवेगळ्या आकाराच्या गोट्या, खडे वेगवेगळ्या उंचीवरून सोडायचे. फेकायचे नाहीत, सोडायचे, आणि तोंडं लांब, डोळ्यांना चष्मा असला तर उत्तम. खालचा रंग वर उडून चहूबाजूंनी पट्टे पडतात, पौर्णिमेला चंद्राच्या दक्षिण भागात टायको नावाच्या विवराभोवती जे लांब पांढरे पट्टे दिसतात ते असेच उडालेल्या मालाचे. टायको साधारण ८५ किलोमीटर रुंद आहे. मोठ्या मुलांनी उंची आणि खड्ड्याची रुंदी मोजून आलेख काढायचा, लहानांनी ट्रेचं वरून चित्र काढायचं. उचलून टाकायच्या आधी खिडकीतून तिरपा उजेड येईल असा ट्रे ठेवून फोटो काढा.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी, खरा आघात असा नसतो. ट्रेमधली गोटी तशीच राहते, चंद्रावर आदळणारा दगड सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येतो आणि आदळताच स्फोट होतो, म्हणून खड्डा दगडाच्या दहापट किंवा त्याहून मोठा होतो आणि दगड तिरका आला तरी खड्डा बहुतेक गोलच राहतो. ट्रेमध्ये तिरकी गोटी सोडली तर लांबट खड्डा पडतो, चौकस मुलं हे विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

आणि मातीचा आणखी एक खेळ, सगळ्या वयांना चालतो. एकसारख्या मापाच्या मातीच्या ५० गोळ्या करायला लावा, सगळ्यांनी मिळून. मग विचारा, यातली पृथ्वी केवढी आणि चंद्र केवढा करायचा? मुलं निम्मे निम्मे, नाहीतर तीस आणि वीस असं करतात. उत्तर आहे ४९ गोळ्यांची पृथ्वी आणि एका गोळीचा चंद्र. मग दुसरा प्रश्न, दोघांमध्ये अंतर किती? सगळे वीतभर ठेवतात कारण पुस्तकातल्या आकृतीत तसंच असतं. पृथ्वीचा गोळा १० सेंटीमीटरचा झाला असेल तर चंद्राची गोळी २.७ सेंटीमीटरची आणि ती ३ मीटर लांब, म्हणजे ३० पृथ्व्या ओळीने ठेवल्या तेवढी. याच मापात सूर्य जवळजवळ ११ मीटर व्यासाचा आणि १.२ किलोमीटर लांब. मोठ्या मुलांना हे ऐकल्यावर दिव्याच्या प्रयोगातला दिवा किती चुकीच्या जागी होता ते आपोआप कळतं.

घरचीशाळा

५० गोळ्या आम्ही आजच करणार, निरभ्र, ससा वाचला म्हणून बरं वाटलं. एक विचारते, माझ्या बहिणीच्या मुलीला अगदी अंधुक दिसतं, ती नऊ वर्षांची आहे, फार हुशार. तिला कला कशा समजावाव्यात? चित्रं तिच्या उपयोगाची नाहीत.

चित्रवही

तिच्यासाठी हाताने वाचायचा चंद्र करा. आठ चेंडू घ्या, प्रत्येकाच्या बरोबर अर्ध्या भागावर खरखरीत कागद किंवा मखमली कापड चिकटवा, तो उजेडाचा भाग. तिला टेबलाच्या मधोमध बसवता आलं तर उत्तम, नाहीतर जमिनीवर बसवून चेंडू तिच्याभोवती गोल ठेवा, तिच्या खांद्याच्या उंचीला येतील अशा डब्यांवर. सगळ्या चेंडूंचा खरखरीत भाग एकाच दिशेला, सूर्याच्या दिशेला, ती दिशा कळावी म्हणून तिकडे खिडकीतलं ऊन किंवा पंखा असू दे. आता तिने जागेवरच वळत प्रत्येक चेंडू चाचपायचा, पण फक्त आपल्याकडच्या अर्ध्या भागावरच हात फिरवायचा. एका चेंडूला सगळं गुळगुळीत लागेल, एकाला सगळं खरखरीत, मधल्यांना कमीजास्त. सूर्याच्या दिशेचा चेंडू गुळगुळीत आणि विरुद्ध दिशेचा खरखरीत लागतो हे कळलं की तिला अमावस्या-पौर्णिमा कायमची कळली. मला तर वाटतं डोळस मुलांनीसुद्धा डोळे बांधून हे करावं, कारण इथे प्रत्येक चेंडू कायम अर्धा उजळच आहे, कमीजास्त होतं ते फक्त आपल्याकडे वळलेलं, हे बोटांना लगेच समजतं.

विवरांसाठी मातीच्या थाळीवर प्लास्टर ओतून साचा घ्या. तिलाच करू द्या.

खिडकीपाशी

हा आठ चेंडूंचा प्रयोग मी वर्गात सगळ्यांनाच देणार आहे. आणि अमावस्येनंतर सुरुवात करायची म्हणजे मला एक आठवडा मिळतोय तयारीला, त्यात आधी त्यांनी मनाने काढलेल्या कोरी गोळा करून ठेवते.

शेवटची एक शंका, चंद्राची पाठ आपल्याला दिसत नाही ती का, आणि ती कायम अंधारात असते का, हे नक्की विचारणार कोणीतरी. याला काही करून घेता येईल का?

खडूफळा

येईल, दोन मुलं पुरेत. एक खुर्चीवर, ती पृथ्वी. दुसऱ्याने खुर्चीकडे तोंड ठेवूनच तिच्याभोवती एक चक्कर मारायची. खुर्चीवरच्याला कायम चेहराच दिसतो. आता चालणाऱ्याला विचारा की चक्करीत तुला कुठकुठल्या भिंती दिसल्या? चारही. म्हणजे तो स्वतःभोवतीही एकदा फिरला, चक्कर आणि गिरकी एकाच वेळेत पूर्ण, चंद्राला त्याला साधारण २७.३ दिवस लागतात. मग एका बाजूला दिवा लावा आणि पुन्हा चक्कर मारा. अर्ध्या चकरीत पाठीवर उजेड पडतो, म्हणजे कायम अंधार नाही, तिथेही दोन आठवडे दिवस आणि दोन आठवडे रात्र. पाठीचा पहिला फोटो ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत लुना ३ यानाने काढला आणि जानेवारी २०१९ मध्ये चीनचं चांगए ४ तिथे उतरलं. दोन्ही बाजूंचे फोटो छापून शेजारी शेजारी लावा आणि फरक काढायला सांगा, पाठीवर काळे डाग फारच थोडे आहेत. हे चक्कर मारायचं आधी करा आणि फोटो नंतर दाखवा, उलट केलं तर मुलं फोटोत अडकतात आणि चालायला कोणी उठत नाही.